सुटकेच्या दिवशी गोळ्या कोण देणार?



स्किझोफ्रेनियाचा किंवा बायपोलरचा रुग्ण तुरुंगातून सुटतो, काही महिन्यांत पुन्हा आत जातो, आणि गल्लीत सगळे म्हणतात, "वेडाच तो, सुधारणार कसा?" हे म्हणणं खोटं आहे. आपण ते म्हणत राहतो, म्हणून सरकारला कोणी जाब विचारत नाही.

अशा माणसाची भीती वाटते, हे आम्ही नाकारत नाही. त्याच्या हातचा मार अनेकदा घरच्यांनीच खाल्लेला असतो. पोलिसांत तक्रार द्यायला आई नाहीतर भाऊच गेलेला असतो. तो पुन्हा तुरुंगात जाण्याची शक्यता जास्त असते, हेही खरं. अमेरिकेतल्या टेक्सासच्या तुरुंगांतल्या ७९ हजारांहून अधिक कैद्यांच्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेच दिसलं. पण तो का परततो?

१९९८ साली कॅनडातल्या संशोधकांनी या विषयावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. मनोरुग्ण गुन्हेगार पुन्हा गुन्हा करील का, हे ज्यांवरून कळतं त्या गोष्टी इतर गुन्हेगारांच्याच निघाल्या : आधीचे गुन्हे, व्यसन, विस्कटलेलं घर. आजाराच्या निदानावरून फारसं काहीच कळेना. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये मनोरुग्णालयांतून घरी गेलेल्यांची तुलना त्यांच्याच वस्तीतल्या शेजाऱ्यांशी केली गेली. ज्यांना दारू वा नशेचं व्यसन नव्हतं, त्या रुग्णांच्या हातून व्यसन नसलेल्या शेजाऱ्यांपेक्षा जास्त हिंसा झाली नव्हती.

आणि औषधं? स्वीडनमध्ये सुटलेल्या २२ हजारांहून अधिक कैद्यांच्या नोंदी तपासून २०१६ साली निष्कर्ष आला. तोच माणूस स्किझोफ्रेनियासारख्या आजारांवरची (अँटिसायकॉटिक) औषधं घेत असताना त्याच्याकडून पुन्हा हिंसक गुन्हा घडण्याचं प्रमाण ४२ टक्क्यांनी कमी होतं. व्यसनमुक्तीची औषधं चालू असताना ते ५२ टक्क्यांनी कमी होतं. म्हणजे धोका कमी करणारी वस्तू सरकारी दवाखान्याच्या फडताळात ठेवता येते.

आता आपल्याकडचा माणूस बघा. देशातल्या दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी आहेत. ते कधी सुटतील, हे कोणालाच आधी सांगता येत नाही. जामिनाचा आदेश येतो आणि माणूस दारातून बाहेर पडतो. आतल्या डॉक्टरांनी चालू केलेल्या गोळ्या किती दिवसांच्या बरोबर द्यायच्या? महिन्याचं इंजेक्शन पुढच्या तारखेला कोण टोचणार? केसपेपर कुठे पाठवायचा? घरच्यांनी दार उघडलं नाही तर रात्री तो झोपणार कुठे? स्टेशनवर. तिथे दारू सहज मिळते, गोळी मिळत नाही. काही आठवड्यांत आवाज पुन्हा ऐकू येऊ लागतात. मग भांडण, चोरी, चॅप्टर केस. या वेळी जामीनदारही मिळत नाही, आणि आधीच्या गुन्ह्यांत आणखी एकाची भर पडते. पुढच्या गुन्ह्याची सर्वांत मोठी खूण तीच! ही भर आजाराने घातलेली नाही, आपल्या व्यवस्थेने घातली आहे.

अंतराची सबब तर सांगूच नका. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी : जिथे राज्याची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, त्या चारही ठिकाणी कारागृहही आहे. एका गावात राहून या दोन संस्था एकमेकींना रुग्ण सोपवू शकत नसतील, तर दोष गृह आणि सार्वजनिक आरोग्य या खात्यांमधल्या भिंतीचा आहे. व्यसनमुक्ती तिसऱ्याच खात्याकडे, सामाजिक न्यायाकडे. आजार, नशा आणि गुन्हा एकाच माणसात राहतात. त्याला तीन खात्यांत कापून कसं चालेल?

कायदा आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १०३ नुसार प्रत्येक राज्यात निदान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य आस्थापना हवी. कलम ९८ रुग्णालयातून घरी सोडताना पुढच्या उपचारांची आखणी करायला सांगतं. हीच आखणी तुरुंगाच्या दारातही झाली पाहिजे, ही आमची मागणी आहे. सुटणाऱ्या प्रत्येक मनोरुग्ण कैद्याच्या हाती निदान महिन्याची औषधं आणि जवळच्या सरकारी रुग्णालयातली ठरलेली तारीख द्या. व्यसनाचे उपचार तुरुंगातच सुरू करा. ज्याला घर नाही, त्याला निवारागृहात जागा द्या, कारण फुटपाथवर कोणाचेही औषधोपचार टिकत नाहीत.

आणि तुम्ही काय करायचं? कलम १०३ खाली तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला दर तीन महिन्यांनी मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे अहवाल पाठवावा लागतो. तुरुंगात मनोरुग्ण कैदी नाहीत, असं त्यात प्रमाणित करायचं असतं. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहितीच्या अधिकारात आपल्या जिल्ह्यातल्या कारागृहाचे गेल्या वर्षाचे असे चारही अहवाल मागा. सोबत विचारा : गेल्या वर्षी मनोविकाराची औषधं चालू असलेले किती कैदी सुटले, आणि त्यांतल्या किती जणांच्या हाती औषधं दिली? आलेलं उत्तर आपल्या आमदारासमोर ठेवा. उत्तर आलं नाही, तर अपील करा.