बासरची गाडी धर्माबादला रिकामी का उतरते?



लेकराच्या अक्षराभ्यासासाठी नांदेडहून रेल्वेनं बासरच्या सरस्वतीला जाणारी कुटुंबं आपल्या धर्माबाद स्टेशनवरूनच पुढं जातात. पण इथं उतरत कुणी नाही. आपणच म्हणतो, "आपल्याकडं बघायला आहेच काय?" माझं मत स्पष्ट आहे: बघायला आहे, ते नीट मांडून विकणारं कुणी नाही.

गोदावरीवरचा बाभळी बंधारा घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार त्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. २९ ऑक्टोबरला ते बंद झाले की पाणी अडतं. म्हणजे तुमचा सीझन दिवाळीच्या आसपास सुरू होतो. पुढं वसंत पंचमीला बासरला मोठी गर्दी, आणि त्याच सुमारास आपल्या बाजारात नवी लाल मिरची!

रिसॉर्टसाठी कर्ज काढू नका. अर्धा दिवस विका. परतीला स्टेशनवर उतरवून घ्या, नदीकाठ दाखवा, ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा खाऊ घाला, मिरची बाजारात फिरवा. जाताना डोळ्यांसमोर कांडलेलं तिखट हातात द्या. एक ऑटोवाला, एक बचत गट, एक मिरची दुकानदार, एवढ्यावर सुरुवात होते. दर आधी ठरवा, पाटीवर लिहा. बायाबापड्यांसाठी स्वच्छ संडास हवाच.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा: सेल्फीसाठी कुणाला पाण्यात उतरू देऊ नका. एक अपघात झाला, की तिघांचाही धंदा बसला.

या दिवाळीला एकच कुटुंब आणून बघा. हिशोब वहीत लिहा, मग बोलू.