७०० रुपयांत विमानप्रवास? त्या व्हायरल व्हिडिओने न सांगितलेलं गणित

"दादा, ७०० रुपयांत १३० किलोमीटर, तेही विमानाने! आपल्याकडे कधी येणार?" कोल्हापूरच्या माझ्या आतेभावाचा मेसेज आणि खाली व्हिडिओ. तुमच्याही फॅमिली ग्रुपवर तो कधीतरी येऊन गेला असेल.

आधी सांगतो, बातमी खोटी नाही. ३ जून २०२५ रोजी अमेरिकेतल्या बीटा टेक्नॉलॉजीज कंपनीचं 'आलिया' हे इलेक्ट्रिक विमान चार प्रवासी घेऊन ईस्ट हॅम्प्टनहून न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर उतरलं. चार्जिंगला साधारण ८ डॉलर लागले, असं कंपनीच्या प्रमुखांनी सांगितलं. आपल्या हिशोबाने ७०० रुपये. पण ते फक्त वीजबिल. पायलटचा पगार, विमानतळाचं शुल्क, देखभाल, विम्याचा हप्ता आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बॅटरीची घसारा-किंमत, यातलं काहीच त्यात धरलेलं नाही. रिक्षाचं भाडं सांगताना नुसता सीएनजीचा खर्च सांगावा, तसं झालं हे.

भावाला मी म्हटलं, तुझी पॉवर बँक उलटी कर. मागे बारीक अक्षरांत एमएएचच्या शेजारी अजून एक आकडा असतो, वॉट-अवरचा. २०,००० एमएएचच्या पॉवर बँकेवर तो साधारण ७४ असतो. (विमानात हँडबॅगेत एअरलाइनच्या वेगळ्या परवानगीशिवाय १०० वॉट-अवरपर्यंतच पॉवर बँक चालते, ती मर्यादा याच आकड्याची.) आता विमानाचं इंधन बघा. एक किलो इंधनात साधारण १२,००० वॉट-अवर ऊर्जा असते. म्हणजे एक किलो इंधनाची बरोबरी करायला तुमच्या १६० पॉवर बँका लागतील आणि त्यांचं वजन भरेल ६० किलोच्या आसपास!

इथे कोणी हुशार वाचक म्हणेल की मोटर इंजिनापेक्षा कार्यक्षम असते. बरोबर आहे. मोटर विजेतला ९० टक्क्यांच्या आसपास भाग कामाला लावते, तर इंजिनात बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. हा फायदा धरला तरी एक किलो इंधनाच्या जागी २०-२५ किलो बॅटरी लागतेच. मुंबई-दिल्ली एका फेरीला ए३२० निओ चार ते पाच टन इंधन जाळतं असं धरा. तेवढ्यासाठी १०० टनांच्या आसपास बॅटरी लागेल आणि या विमानाचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजनच ७९ टन आहे. शिवाय इंधन जळतं तसं विमान हलकं होत जातं. बॅटरी मात्र रिकामी झाली तरी तेवढीच जड!

त्यामुळे इलेक्ट्रिक विमानं आज उडतायत ती छोटी आणि जवळच्या अंतराची. युरोपात २०२० मध्ये 'वेलिस इलेक्ट्रो'ला प्रमाणपत्र मिळालं. असं प्रमाणपत्र मिळालेलं ते पहिलंच पूर्ण इलेक्ट्रिक विमान. दोन सीटचं, पायलट शिकवण्यासाठी, साधारण ५० मिनिटं उडणारं. त्याहून मोठं 'अ‍ॅलिस' सप्टेंबर २०२२ मध्ये उडालं, आठ मिनिटं. २०२५ च्या सुरुवातीला ते बनवणाऱ्या एव्हिएशन कंपनीने कामच थांबवलं आणि बहुतेक कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं.

अजून एक अडचण व्हिडिओत दिसत नाही. नियमाप्रमाणे विमानाला इच्छित ठिकाणी पोचण्यापुरतं इंधन घेऊन चालत नाही. वर घिरट्या घालाव्या लागल्या किंवा दुसऱ्या विमानतळावर जावं लागलं तर त्यासाठी वेगळा साठा ठेवावा लागतो. मुंबईवर ज्यांनी हवेत अर्धा तास गोल गोल काढलाय, त्यांना सांगायला नको. बॅटरीच्या विमानात हा राखीव साठाच मोठा वाटा खाऊन टाकतो.

हायब्रिड इथे कामाला येतं. गाडीतलं हायब्रिड डोळ्यासमोर आणू नका. गाडी सिग्नलला ब्रेक लावते तेव्हा बॅटरी थोडी चार्ज होते, पण आकाशात सिग्नल नसतात. विमानात फायदा वेगळा आहे. पूर्ण ताकद लागते ती टेकऑफला आणि वर चढताना, थोडाच वेळ. नंतर सरळ उडताना बरीच कमी पुरते. म्हणून त्या थोड्या वेळात बॅटरीने हात द्यायचा आणि इंजिन लहान ठेवायचं. राखीव साठा इंधनाच्या रूपात ठेवता येतो, हा माझ्या मते त्याहून मोठा फायदा. हार्ट एरोस्पेस या मूळच्या स्वीडिश कंपनीने आधी १९ सीटचं पूर्ण इलेक्ट्रिक विमान ठरवलं होतं. २०२२ मध्ये ते बाजूला ठेवून त्यांनी ३० सीटचं हायब्रिड हाती घेतलं. दावा असा, की नुसत्या बॅटरीवर २०० किलोमीटर, हायब्रिडवर ४००. प्रवासी सेवेत ते अजून नाही.

आता ती बॅटरीची किंमत. तुमच्या फोनची 'बॅटरी हेल्थ' दोन वर्षांनी ८२ टक्के दाखवते, तुम्ही चार्जर खिशात ठेवता आणि भागवता. विमानात ते १८ टक्के म्हणजे तोच राखीव साठा. टेकनाम या इटालियन कंपनीने २०२३ मध्ये आपलं नऊ सीटचं 'पी-व्होल्ट' याच मुद्द्यावर थांबवलं. काहीशे उड्डाणांनंतरच बॅटरी बदलावी लागेल आणि तो खर्च कोणत्याही एअरलाइनला झेपणार नाही, असा त्यांचा हिशोब होता. छोट्या मार्गावर दिवसाला सहा-आठ फेऱ्या धरल्या तर ५०० चार्ज दोन-तीन महिन्यांत संपतात!

मग भावाचा प्रश्न फालतू होता का? अजिबात नाही. तो मुंबईला येतो ते महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्र काढून. त्याच्यासारख्यांसाठीच 'उडान' योजना आली, सरकार मार्गाला तीन वर्षं अनुदान देतं. २०२३ च्या कॅग अहवालात काय निघालं? योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ३७१ सुरू झाले. तीन वर्षं पूर्ण केली ११२ मार्गांनी. अनुदान संपल्यावरही मार्च २०२३ पर्यंत टिकले ५४. भारतातल्या एअरलाइनच्या खर्चात इंधनाचा वाटा ३०-४० टक्क्यांच्या घरात असतो आणि कमी सीटच्या छोट्या विमानाला तो जास्तच बोचतो.

पुणे-मुंबई हवाई अंतर १२० किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे जवळजवळ त्या व्हिडिओतल्या फेरीएवढंच. पण तिथे मला अर्थ दिसत नाही. गच्च भरलेल्या मुंबई विमानतळावर चार सीटच्या विमानाला कोण वेळ देईल? मुंबई-कोल्हापूर साधारण ३१० किलोमीटर, मुंबई-जळगाव आणि मुंबई-सिंधुदुर्ग ३५० च्या आसपास. हे अंतर नुसत्या बॅटरीला फार आहे, ३० सीटच्या हायब्रिडला मात्र बरोबर बसतं. बॅटरी काहीशे ऐवजी काही हजार चार्ज टिकली, तर अनुदान संपल्यावरही मार्ग चालू ठेवण्याचं गणित जुळू शकतं.

हे सगळं मी भावाला व्हॉइस नोटमध्ये पाठवलं, सहा मिनिटांची झाली. त्याने ती दुप्पट वेगाने ऐकली आणि विचारलं, "मग पुढच्या महिन्याचं महालक्ष्मीचं तिकीट काढू ना?" काढ म्हटलं, वेटिंग वाढायच्या आत.