हाँगकाँगच्या न्यायपीठावरील पाचवी खुर्ची

वॉशिंग्टन : हाँगकाँगच्या अंतिम अपील न्यायालयातून परदेशी न्यायमूर्ती एकेक करून बाहेर पडत आहेत. मार्च २०२२ मध्ये लॉर्ड रीड व लॉर्ड हॉज यांनी, तर जून २०२४ मध्ये लॉर्ड कॉलिन्स व लॉर्ड सम्पशन यांनी पदत्याग केला. अमेरिकेतील चर्चेत याचे कारण बहुधा २०२०च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्यात शोधले जाते. ते चुकीचे नाही. परंतु या न्यायालयाच्या मर्यादा त्याच्या जन्मापूर्वीच लंडन व बीजिंग यांच्या वाटाघाटींत आखल्या गेल्या होत्या.

१९९७ पर्यंत हाँगकाँगचे अंतिम अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जात असे. १९८४च्या संयुक्त जाहीरनाम्याने हा अधिकार हाँगकाँगमधील न्यायालयाला देऊ केला आणि आवश्यकतेनुसार अन्य कॉमन लॉ देशांतील न्यायमूर्तींना पाचारण करण्याची मुभा दिली. हे न्यायालय हस्तांतरणापूर्वीच सुरू व्हावे, म्हणजे १ जुलै १९९७ रोजी पोकळी राहणार नाही, अशी ब्रिटनची इच्छा होती. १९९१ मध्ये उभय देशांत ‘चार अधिक एक’ हे सूत्र ठरले: चार स्थायी न्यायमूर्ती आणि पाचव्या जागी एक पाहुणा, तोही परदेशीच असेल असे नाही. जाहीरनाम्यात ‘न्यायमूर्ती’ हा शब्द इंग्रजीत अनेकवचनी होता. चिनी भाषेत नामाचे वचन असे रूपाने दाखवावे लागत नाही. वकीलवर्ग मात्र त्या अनेकवचनावर अडून बसला. डिसेंबर १९९१ मध्ये हाँगकाँगच्या कायदेमंडळानेही हा समझोता नाकारला.

भारतीय वाचकाला येथे स्वतःचा इतिहास आठवावा. भारताचे फेडरल न्यायालय १ ऑक्टोबर १९३७ रोजी, स्वातंत्र्याच्या जवळजवळ दहा वर्षे आधी सुरू झाले. त्याच्या पहिल्या तीन न्यायमूर्तींत मुकुंदराव जयकर होते. प्रिव्ही कौन्सिलशी असलेला संबंध १९४९ मध्ये तुटला, तेव्हा दिल्लीत न्यायपीठ व परिपाठ दोन्ही सिद्ध होते. हाँगकाँगला ही तालीम मिळाली नाही.

९ जून १९९५ रोजी गव्हर्नर ख्रिस पॅटन यांच्या कारकिर्दीत तडजोड झाली. न्यायालय हस्तांतरणाच्या दिवशीच सुरू होईल, आणि संरक्षण, परराष्ट्र व्यवहार ‘इत्यादी’ राज्यकृत्यांवर त्याचा अधिकार चालणार नाही, हे ब्रिटनने मान्य केले. मार्टिन ली यांच्यासारख्या लोकशाहीवाद्यांनी ही शरणागती मानली. पॅटन यांच्या बाजूनेही बोलता येते: कायदाच झाला नसता, तर १९९७ नंतर बीजिंगने तो एकट्याने लिहिला असता. तरीही ‘इत्यादी’ हा शब्द सैल सोडणे ही साधी बाब नव्हती.

तिचे मोल पुढे एका अमेरिकी निधीला मोजावे लागले. एफजी हेमिस्फिअर या निधीने काँगो सरकारविरुद्धचे जुने लवाद निवाडे विकत घेतले होते. चिनी कंपन्यांकडून काँगोला मिळणाऱ्या रकमेतून त्यांची वसुली व्हावी, अशी त्याची मागणी होती. व्यापारी व्यवहारात परकीय सरकारला न्यायालयीन संरक्षण द्यावे काय, हा प्रश्न होता. जून २०११ मध्ये न्यायालय तीन विरुद्ध दोन असे विभागले. बहुमताने हा विषय परराष्ट्र व्यवहाराचा मानून प्रथमच स्वतःहून बीजिंगकडे अर्थनिर्णय मागितला. ऑगस्टमध्ये राष्ट्रीय जनकाँग्रेसच्या स्थायी समितीने संपूर्ण संरक्षणाच्या बाजूने कौल दिला आणि वसुली बुडाली. दावा न्यूयॉर्कच्या न्यायालयात असता, तर १९७६च्या अमेरिकी कायद्यातील व्यापारी अपवादाचा आधार तरी घेता आला असता.

वॉशिंग्टनने १९९२च्या हाँगकाँग धोरण कायद्यानुसार या प्रदेशाला चीनहून वेगळे वागवले, ते तेथील स्वायत्ततेच्या गृहीतकावर. १४ जुलै २०२० रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या आदेशाने ही वेगळी वागणूक संपवण्यात आली. खासगी पक्षांतील करारांत मात्र हाँगकाँगचा कायदा व लवाद यांची निवड आजही होते, आणि अशा वादांत बीजिंगच्या अर्थनिर्णयाचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. समोरचा पक्ष एखादे सरकार वा त्याची संस्था असेल, तर करारात संरक्षण सोडून दिल्याचे कलम असणेही पुरेसे ठरेलच असे नाही. काँगो खटल्यानंतर असे संरक्षण त्या सरकारने न्यायालयासमोर स्वच्छपणे सोडावे लागते. पाचव्या खुर्चीवर कोण बसले आहे, याने त्या बाबतीत फरक पडत नाही. काँगो खटल्यात त्या खुर्चीवर ऑस्ट्रेलियाचे माजी सरन्यायाधीश सर अँथनी मेसन होते, आणि त्यांचे मत बहुमताच्या बाजूने पडले.