आवरा हा गेम्सचा पसारा!

कपाट कपड्यांनी ओसंडून वाहतंय आणि तरी 'घालायला काही नाहीये' ही कुरकुर चालूच. आपल्या कॉम्प्युटरमधल्या गेम्सचंही सेम टू सेम झालंय. पगार झाला की स्टीमच्या सेलमध्ये दोन-चार उचलायचे. एपिक दर आठवड्याला काहीतरी फुकट वाटतंच. जुने क्लासिक्स गॉगवर, एखादा युबिसॉफ्ट कनेक्टवर, फुटबॉलवाले ईए अॅपमध्ये. शुक्रवारी रात्री हौसेनं बसावं, तर 'तो गेम नेमका कुठे घेतला होता?' यातच अर्धा तास खलास. मग जांभया!

यावरचा फंडा म्हणजे सगळ्या लाँचर्सचा एक लाँचर. मी वापरते प्लेनाइट. विंडोजवर चालतो, ओपन सोर्स आहे आणि चक्क फुकट. प्रत्येक दुकानासाठी एक छोटं एक्स्टेन्शन टाकायचं, लॉग-इन करायचं, की इन्स्टॉल केलेले-न केलेले सगळे गेम्स कव्हरसकट एका भिंतीवर हजर. लिनक्सवाल्यांसाठी हीरोइक आहे, तो एपिक, गॉग आणि अॅमेझॉनचे गेम्स सांभाळतो.

इम्पोर्ट झाल्यावर खरं आवरणं सुरू होतं. आधी नावाप्रमाणे लावा, म्हणजे दोन दुकानांतून आलेले जुळे सापडतील. त्यातला एक लपवून टाका. मग प्रत्येकाला स्टेटस द्या: संपवला, अर्धवट, अजून हात लावला नाही. तिसरा आकडा बघून सेलची खाज आपोआप कमी होते! शेवटी आपले टॅग. माझा लाडका टॅग आहे 'अर्ध्या तासात होणारे'. जेवण आणि झोप यांच्यामध्ये एवढंच बसतं. आणि हो, मूळ लाँचर्स काढून टाकू नका. प्लेनाइटमधून गेम सुरू केला तरी बऱ्याचदा स्टीम किंवा ईए मागे उघडावंच लागतं.

माझं हे आवरणं झालं दिवाळीत, घरी टेंभुर्णीला. पुणे-सोलापूर हायवेवरचं, पंढरपूरकडे वळायचं गाव आमचं. शेजारी बसलेला चुलत भाऊ ती भिंत बघून म्हणाला, "ताई, एवढे गेम? मग दहा-बारा मला दे की!"

लहानपणी हा प्रश्न किती सोपा होता! 'काँट्रा'ची कॅसेट फुंकर मारून लावायची, कंटाळा आला की भावंडांना देऊन टाकायची. आज ती देता येत नाही, कारण आपण गेम विकत घेतच नाही, वापरायचं लायसन्स घेतो. ऑक्टोबर २०२४ पासून स्टीम पैसे भरतानाच हे स्पष्ट सांगतं. युबिसॉफ्टच्या २०१४ च्या 'द क्रू'चे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले आणि पैसे मोजलेल्यांनाही तो खेळता येईना. स्टीम अकाउंट तर दुसऱ्याच्या नावावर करताच येत नाही. स्टीम फॅमिलीजमध्ये सहा जणांना लायब्ररी वाटून घेता येते, पण ते एकाच घरात राहणाऱ्यांसाठी. मी पुण्यात, तो टेंभुर्णीत. मग 'राजी' त्याच्या अकाउंटवर नवा गिफ्ट केला. पुण्याच्या नॉडिंग हेड्सनं २०२० मध्ये आणलेला हा गेम म्हणजे धाकट्या भावाला शोधत निघालेल्या बहिणीची गोष्ट. आमच्यासाठी परफेक्ट! आता तो त्याचा, माझ्या अकाउंटचं काहीही होवो.

तेव्हा लाँचर म्हणजे यादी, तिजोरी नव्हे, हे पक्कं लक्षात ठेवा. अकाउंट गेलं की प्लेनाइटमध्ये नुसती कव्हर्स उरतील. म्हणून या वीकेंडला आणखी तीन कामं. प्रत्येक अकाउंटला टू-स्टेप लॉग-इन लावा. गॉगवरच्या लाडक्या गेम्सचे ऑफलाइन इन्स्टॉलर हार्ड डिस्कवर उतरवून ठेवा, ते कुठल्याही लाँचरशिवाय चालतात. आणि कुठलंही अकाउंट ऑफिसच्या ईमेलवर उघडलं असेल, तर आजच बदला. राजीनामा दिला की तो ईमेल बंद होतो आणि पासवर्ड रीसेटची लिंक तिथेच अडकते. बॉसला लॅपटॉप परत करा, आयडी कार्ड परत करा. गेम्स कशाला?