थेंबाचा पाचवा भाग

उपाशीपोटी रक्तातली साखर १२६ आली तर आम्ही मधुमेहाच्या दृष्टीने विचार सुरू करतो. ११३ आली तर रुग्णाला ‘सध्या उंबरठ्यावर आहात, सांभाळा’ असे सांगून घरी पाठवतो. रिपोर्टवरचा हा आकडा यंत्राने काढला, असे आपण समजतो. पण लहान रुग्णालयांत आणि गल्लीबोळांतल्या अनेक लॅबमध्ये त्याची सुरुवात हाताने होते. तंत्रज्ञ पिपेट नावाच्या, जाड पेनासारख्या दिसणाऱ्या साधनाने १० मायक्रोलिटर सीरम उचलतो आणि एक मिलिलिटर रिएजंटमध्ये सोडतो. सलाईनच्या नेहमीच्या सेटमधून पडणारा एक थेंब सुमारे ५० मायक्रोलिटरचा असतो. म्हणजे हा थेंबाचा जेमतेम पाचवा भाग. त्यात एकच मायक्रोलिटर कमी पडले, तर साखर दहा टक्क्यांनी कमी दिसेल आणि १२६ चे ११३ होतील.

इतके लहान माप हाताने घ्यायचे म्हणजे साधन चांगले हवे, आणि ‘चांगले’ म्हणजे काय हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

माझ्या वयाच्या डॉक्टरांना एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाचे फिजिओलॉजीचे प्रॅक्टिकल आठवत असेल. साहलीच्या पद्धतीने हिमोग्लोबिन काढायचे, तर काचेच्या बारीक नळीत २० घन मिलिमीटरच्या खुणेपर्यंत रक्त ओढायचे. पेशी मोजायच्या पिपेटमध्ये एक मणी असे, पांढऱ्या पेशींसाठी पांढरा आणि तांबड्यांसाठी तांबडा. या पिपेटना रबरी नळी जोडून तिचे दुसरे टोक तोंडात धरायचे आणि हलकेच ओढायचे. खुणेच्या पुढे गेले की टिपकागदाला टेकवून मागे आणायचे. रक्त तोंडाने ओढायचे! आज विद्यार्थ्यांना सांगितले तर त्यांना खरे वाटत नाही. पण कित्येक दशके जगभरच्या प्रयोगशाळा अशाच चालल्या, आणि टायफॉइडसारखे जंतू थेट तोंडात जाऊन तंत्रज्ञ आजारी पडत राहिले.

यातून सुटका केली ती हाइनरिख श्निट्गर या जर्मन डॉक्टरने. मारबुर्ग विद्यापीठात संशोधन करताना त्याला दिवसभर तोंडाने असे शेकडो नमुने ओढावे लागत. त्याला त्याचा कंटाळा आला. त्याने ट्युबरक्युलिनच्या बारीक सिरिंजला स्प्रिंग बसवली, पुढे सुईच्या जागी प्लास्टिकची टोपी लावली आणि १९५७ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. पुढे एपेनडॉर्फ या कंपनीने हे साधन बाजारात आणले. श्निट्गर १९६४ मध्ये पोहताना बुडून मरण पावला. त्याने केलेली रचना मात्र आजच्या पिपेटमध्ये जवळजवळ तशीच आहे. फिरवून आकारमान बदलता येणारे पिपेट १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये वॉरन गिलसन यांनी आणले.

या रचनेतली खुबी अशी की दट्ट्या द्रवाला शिवतच नाही. दट्ट्या आणि द्रव यांच्यामध्ये हवेची उशी असते. दट्ट्या वर गेला की ही हवा विरळ होते आणि बाहेरचा दाब द्रवाला टिपमध्ये ढकलतो. द्रव फक्त टिपला लागतो, टिप फेकून दिली की पुढचा नमुना स्वच्छ. पण हवा ताणली जाते आणि दबते, त्यामुळे दट्ट्या पुढे आणि द्रव किंचित मागे असे चालते. पाणी लगेच पोचते, दाटसर सीरम रेंगाळते. अंगठा झटकन सोडला तर द्रव उसळतो, बुडबुडा शिरतो, कधी थेंब पिपेटच्या पोटात जाऊन आतला भाग गंजवतो. सोडतानाही तेच. घाईने सोडले तर टिपच्या आतल्या भिंतीवर सीरमचा जाडसर पापुद्रा राहतो, सावकाश सोडले तर तो पातळ होतो.

म्हणून पिपेट बनवणाऱ्यांची खरी कसोटी दट्ट्याच्या चालीत आहे. वर-खाली जाताना तो कुठेही अडता कामा नये. अंगठ्याला दोन टप्पे वेगळे जाणवले पाहिजेत. पहिला मोजमापाचा, दुसरा उरलासुरला द्रव फुंकून काढण्याचा, आणि दुसऱ्याची स्प्रिंग जास्त कडक. हा फरक नीट जाणवला नाही तर उचलताना अंगठा नकळत पहिल्या टप्प्याच्या पुढे जातो आणि जास्त द्रव येतो. आणि स्प्रिंग सगळीच कडक केली, तर दिवसाला पाचशे वेळा दाबणारा अंगठा दुपारनंतर थरथरू लागतो. अंगठ्याच्या मुळाशी दुखतेय म्हणून ओपीडीत येणाऱ्यांत शिवणकाम करणारे असतात, लहान बाळांच्या आया असतात, आणि लॅबचे तंत्रज्ञही असतात. महाग इलेक्ट्रॉनिक पिपेटमध्ये दट्ट्या मोटरने ठरलेल्या वेगाने हलतो, तिथे अंगठ्याला फक्त बटण दाबायचे असते. साध्या पिपेटमध्ये ही एकसारखी चाल आतले रबरी सील, त्यावरचे ग्रीस, दट्ट्याचा पृष्ठभाग आणि माणसाची सवय यांतून येते. यातले सील आणि ग्रीस झिजतात, सुकतात.

इथे एक मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. एखादे पिपेट दर वेळी नेमके दहा टक्के कमी सोडत असेल, तर ते वाटते तितके धोक्याचे नसते. माहीत असलेल्या साखरेचे प्रमाण-द्रावण आणि रुग्णाचे सीरम त्याच पिपेटने, त्याच दिवशी घेतले, तर दोन्हींतली तूट सारखीच असते आणि हिशेबात ती निघून जाते. (यंत्रात महिन्यापूर्वीचा फॅक्टर ठेवून रोज तोच वापरला, तर मात्र निघून जात नाही.) खरा घोटाळा अडखळत चालणाऱ्या पिपेटचा. ते एकदा ९ देते, एकदा १०.५, एकदा ९.७. ही चूक कोणत्याही गणिताने दुरुस्त होत नाही, कारण ती कोणत्या रुग्णाच्या वाट्याला किती आली हे कुणालाच कळत नाही. कमी-जास्त आकडा देणाऱ्या पिपेटपेक्षा मला अडखळणाऱ्या पिपेटची जास्त भीती वाटते.

हृदयाची झडप बदललेल्या रुग्णांची प्रोथ्रॉम्बिन टाइम तपासणी घ्या. सरकारी रुग्णालयात असे रुग्ण पुष्कळ, बहुतेक लहानपणच्या संधिवाती तापामुळे झडप खराब झालेले. हाताने करायच्या पद्धतीत ०.१ मिलिलिटर प्लाझ्मात ०.२ मिलिलिटर रिएजंट टाकायचे, त्याच क्षणी घड्याळ सुरू करायचे आणि गुठळी धरेपर्यंतचे सेकंद मोजायचे. इथे सावकाशपणा चालत नाही, रिएजंट एका दमात पण न उडवता पडले पाहिजे. या सेकंदांवर वॉरफरिनची गोळी कमी-जास्त होते. गोळी कमी पडली तर झडपेवर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव.

यावर नेहमी मिळणारे उत्तर म्हणजे, आता सगळे ऑटो ॲनालायझर करतो. मोठ्या लॅबमध्ये करतो, हे खरे, आणि त्याच्या आतली सुई मोटरने चालते म्हणून ती हातापेक्षा एकसारखीही असते. पण त्या यंत्राला ‘शिकवण्यासाठी’ जे प्रमाण-सीरम वापरतात, ते बऱ्याचदा कुपीत वाळवलेल्या पावडरच्या रूपात येते. त्यात मोजून, बहुधा ५ मिलिलिटर, शुद्ध पाणी घालायचे काम माणूसच करतो. ते पाणी कमी पडले तर लाखो रुपयांचे यंत्र त्या दिवशीचे सगळे रिपोर्ट शिस्तीत चुकीचे छापते.

आणि आमची खरेदी कशी होते? यंत्रासाठी निविदा निघते, उद्घाटन होते, फोटो येतो. पिपेट ‘किरकोळ साहित्या’त मोडते. सर्वांत कमी दराच्या टिप येतात, त्या पिपेटवर घट्ट बसत नाहीत आणि फटीतून हवा शिरते. टिप संपल्या की धुऊन पुन्हा वापरलेल्याही मी पाहिल्या आहेत. पिपेटच्या तपासणीसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ८६५५. दहा वेळा पाणी सोडून वजन करायचे, सरासरी आणि दहा आकड्यांतली तफावत काढायची. एनएबीएल मान्यता घेणाऱ्या लॅबला अशा तपासणीचे दाखले ठेवावे लागतात. लहान रुग्णालयांच्या लॅबला त्यासाठी स्वतंत्र तरतूद हवी. ॲनालायझरच्या निविदेतच पिपेटची वार्षिक तपासणी, जादा सील आणि त्याच मापाच्या टिप यांचा समावेश करणे अवघड नाही, कारण त्यांचा खर्च यंत्राच्या किमतीपुढे नगण्य असतो.

तोवर कोणत्याही लॅबला आजच करता येण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. टिप भरून पिपेट वीस सेकंद उभे धरायचे. टोकाशी थेंब जमू लागला तर कुठेतरी गळती आहे. दुसरी गोष्ट तफावतीची. १० मायक्रोलिटर पाणी तोलण्याइतका बारीक तराजू नसतो, पण कलरीमीटर जवळपास सगळीकडे असतो. एखाद्या गडद रंगाचे द्रावण करून दहा नळ्यांत प्रत्येकी एक मिलिलिटर पाणी घ्यायचे. हे पाणी मोठ्या, खात्रीच्या पिपेटने भरायचे. मग तपासायच्या पिपेटने प्रत्येक नळीत १० मायक्रोलिटर रंग सोडून दहाही आकडे वहीत लिहायचे. आकडे एकमेकांना धरून असतील तर ठीक. दोन-तीन भरकटले असतील तर आधी टिप बदलून बघायची, मग हात बदलून, म्हणजे दुसऱ्या तंत्रज्ञाला करायला सांगून. तरीही भरकटत असतील तर पिपेट उघडून सील बदलायचे, आणि पुन्हा दहा नळ्या.