रिकाम्या खुर्चीची साक्ष

मे २०२० मध्ये ठरलेले रत्नागिरीचे लग्न टाळेबंदीने लांबले. एप्रिल २०२१ च्या निर्बंधांत २५ माणसे आणि दोन तास एवढीच मुभा, यजमान थांबले. फेब्रुवारी २०२२ मध्ये आम्ही पुण्याहून कॅमेरे घेऊन पोहोचलो, तेव्हा वधूची आजी हयात नव्हती. समूहचित्रात तिची प्रतिमा जोडावी, असा वधूच्या आईंचा आग्रह. आम्ही नकार दिला. रोलाँ बार्थच्या मते 'हे होते' ही साक्ष म्हणजेच छायाचित्राचे सत्त्व. 'ला शांब्र क्लेर' (१९८०) मध्ये त्याने आईच्या ज्या छायाचित्रावर सर्वाधिक चिंतन केले, तेच छापलेले नाही. जोडचित्राने सांत्वन होईलही. पण त्या दोन वर्षांचे मोल पुसले जाईल. आजीसाठी राखलेली रिकामी खुर्ची आम्ही तशीच टिपली. आईंचा रोष आम्हांला मान्य आहे.