प्रोग्रॅम मारू नका, त्याच्याशी बोला

गोंदियाजवळच्या मुर्रीत बसून लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेची वकिली करणारा माणूस लोकांना येडा वाटतो. वाटो. शहाण्यांची लॅब मी पाहिली आहे. आमच्याकडच्या एका कॉलेजात पोरं अजून टर्बो सी++ च्या निळ्या पडद्यासमोर बसतात. कंट्रोल-एफ९ दाबायचं, चूक निघाली की सगळं बंद, पुन्हा पहिल्यापासून. सर म्हणतात, सिलॅबसच तसा आहे. पट्टा निसटला म्हणून गोंदियातला कुठला मालक अख्खी राईस मिल पाडून बांधतो? इंजिनियर मात्र आपण असेच घडवतो.

याउलट, लिस्पसाठी २००३ साली ल्यूक गोरी आणि हेल्मुट एलर यांनी उभं केलेलं स्लाईम बघा. इकडे ईमॅक्स हा एडिटर, तिकडे चालू लिस्प आणि त्यात पोर्ट ४००५ वर कान लावून बसलेला स्वँक हा स्लाईमचा सर्व्हर. फंक्शनवर कर्सर ठेवा, कंट्रोल-सी दोनदा दाबा. तेवढंच फंक्शन सॉकेटमधून जातं, कंपाइल होतं, जुन्याच्या जागी बसतं. बाकीचा प्रोग्रॅम, त्यातला डेटा जागच्या जागी. निरोपही साधा: आधी लांबी सांगणारे सहा हेक्साडेसिमल अंक, मागे लिस्पचीच लिस्ट. चूक झाली तर प्रोग्रॅम मरत नाही. तिथेच थांबतो, स्टॅक दाखवतो आणि विचारतो, पुन्हा करू की सोडून देऊ? फंक्शन सुधारा, ‘पुन्हा’ म्हणा, गाडी पुढे.

म्हणे खेळणं आहे! मे १९९९ मध्ये नासाच्या डीप स्पेस १ यानावरचा रिमोट एजंट हा लिस्पमधला प्रोग्रॅम अडकला, तेव्हा कोट्यवधी किलोमीटरवर चालू असलेल्या लिस्पशी बोलूनच दोष हुडकला. म्हणे नोकरी कोण देणार? टर्बो सी++ वर कोण देतं, ते आधी सांगा. पुण्याच्या हेल्पशिफ्टने तर क्लोजरवर, म्हणजे लिस्पच्याच वंशजावर, धंदा उभा केला.

अतिशहाण्यांसाठी एक सूचना. स्वँक मुळात १२७.०.०.१ वर, स्वतःच्या मशीनपुरताच उघडतो, कारण आपण लावल्याशिवाय त्या दाराला कुलूप नसतं. सर्व्हरवर ते जगाला उघडं टाकलं, तर कुणीही येऊन हवा तो कोड चालवेल. एसएसएचच्या बोगद्यातून या, नाहीतर येऊच नका.

ईमॅक्स, एसबीसीएल हा लिस्पचा कंपायलर, स्लाईम, तिन्ही फुकट; जुन्या लॅपटॉपवरही चालतात. सरांनी येत्या प्रॅक्टिकलला एक तास द्यावा. तेवढंही जमत नसेल तर पोरांनो, रात्री घरीच बसवा. सरांना विचारत बसू नका.